वाटाड्याची तेरीज

गेली चोवीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागे बसतो आहे. या चोवीस वर्षांत लोकांनी मला मनापासून विचारलेला प्रश्न एकच: "साहेब, ही लाइन कशाची?" त्यामुळे परवा रविवारी सकाळी आमचा भाचा दारात उभा राहून "मामा, तुझा सल्ला हवाय" म्हणाला, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी मोठा माणूस नव्हता. पोह्यांची बशी घेऊन ही उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर 'सल्ला? यांचा?' हा प्रश्न मोठ्या टायपात छापलेला होता.

भाच्याला माउंटन बाइक गाईड व्हायचं आहे. म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरून सायकल चालवण्याची हौस असलेल्या मंडळींच्या पुढे आपण सायकल चालवत जायचं आणि जेवढी माणसं नेली तेवढी मोजून परत आणायची. याचे लोक पैसे देतात. हिमाचलात देतात, लडाखात देतात, परदेशात तर चांगलेच देतात. मुलगा इंजिनिअर. ताई दोन दिवस अन्नाला शिवली नाही. भावोजींनी "आमच्या वेळी सायकलवर दूधवाले आणि पेपरवाले जायचे, त्यांना कधी गाईड लागल्याचं आठवत नाही" एवढं बोलून पेपर तोंडासमोर धरला तो अजून खाली घेतलेला नाही. शेवटी 'मामा बँकेत आहे, त्याला पैशातलं कळतं' या जुन्या गैरसमजावर हे प्रकरण माझ्या खात्यात वर्ग झालं.

प्रश्न कोर्सचा होता. गाईड व्हायचं तर शिकायला हवं, शिकायचं तर कुठे? त्यानं चार ठिकाणची माहिती कागदावर छापून आणली होती आणि ती माझ्यापुढे मुदत ठेवीच्या योजना मांडाव्यात तशी मांडली.

त्याआधी सायकलीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण ती खाली जिन्यापाशी उभी होती. उभी म्हणजे भिंतीला टेकलेली, कारण तिला स्टँड नाही. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही, चेनकव्हर नाही. किंमत मात्र माझ्या स्कूटरपेक्षा जास्त. ज्या वस्तूतून एकेक गोष्ट कमी करत जावं तसतशी तिची किंमत वाढत जाते, हा अर्थशास्त्राचा नियम मला बी. कॉम. ला कोणी शिकवला नव्हता.

या सायकलीचा इतिहास त्यानं मला पोहे संपेपर्यंत सांगितला. कॅलिफोर्नियात मरीन परगण्यात फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. तिथल्या काही पोरांना जुन्या जाड टायरच्या वजनदार सायकली डोंगरावर चढवून मातीच्या रस्त्यानं सुसाट खाली सोडायचा नाद लागला. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी त्याची रीतसर शर्यत लावली. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक असे. उतारावर तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत याला म्हणतात 'रीपॅक' करणं. म्हणून त्या रस्त्याचं आणि शर्यतीचं नावच रीपॅक पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातली मंडळी. माउंटन बाइकचा पुढचा सगळा पसारा वाढवण्यात यांचा मोठा हात.

"म्हणजे या खेळाचं बारसंच ब्रेकवरून झालं म्हण की," मी म्हणालो. म्हणालो आणि मला ठसका लागला. हिनं पाणी आणून दिलं. ठसका पोह्यांचा होता असं सर्वांनी धरलं. मीही धरलं.

आता कोर्स. पहिला कॅनडातल्या एका संघटनेचा. पीएमबीआयए असं तिचं लांबलचक आद्याक्षरी नाव. पहिली पातळी तीन दिवसांची. सायकलवर उभं कसं राहायचं, उतारावर वजन कुठे न्यायचं, वळणावर नजर कुठे ठेवायची, आणि मुख्य म्हणजे हे दुसऱ्याला कसं शिकवायचं. तिकडे वाटांना रंग असतात म्हणे. हिरवी सोपी, निळी मध्यम, काळ्या हिऱ्याची अवघड, आणि दोन काळ्या हिऱ्यांची म्हणजे घरी न सांगता जायची. पहिल्या पातळीच्या शिक्षकानं हिरव्यानिळ्यातच राहायचं. हे मला फार आवडलं. आमच्याकडेही कोणी किती रकमेपर्यंत सही करायची याची मर्यादा ठरलेली असते, आणि माणूस ओळखायचा तो त्या मर्यादेच्या एक रुपया वर काय करतो यावरून.

दुसरा कोर्स ब्रिटिश सायकलिंगचा. इंग्रजांसारखाच. आधी शिका, मग घरी जाऊन सराव करा, मग परीक्षेला या, आणि येताना प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घेऊन या. गट कसा सांभाळायचा यावर त्यांचा भर. पुढे कोण, सगळ्यात मागे कोण, फाटा आला की थांबायचं, डोकी मोजायची, मग हलायचं. यात सायकल चालवणं कमी आणि डोकी मोजणं जास्त, म्हणून भाच्याला तो जरा कंटाळवाणा वाटत होता. मला नोटा मोजण्याची सवय असल्यामुळे मला त्यात कंटाळवाणं काही दिसलं नाही.

तिसरा रस्ता देशी आणि लांबचा. तो एक कोर्स नाहीच, कोर्सांची माळ आहे. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, १९५४ सालची, जिथे एव्हरेस्टवरून आलेल्या तेनसिंग नोर्गेंनी पोरांना शिकवलं. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, १९६५ ची. मनालीची आणखी एक. यांपैकी कुठेतरी सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करायचा. मग दवाखाना लांब असलेल्या जागी माणूस पडला तर काय करायचं याचा आठ-दहा दिवसांचा प्रथमोपचाराचा कोर्स. मग एखाद्या जाणत्या गाईडच्या हाताखाली एक-दोन हंगाम सगळ्यांच्या मागची सायकल. मागच्या सायकलीचं काम काय, तर जो दमला त्याच्याजवळ थांबणं, ज्याची चेन तुटली त्याची जोडणं, आणि सगळ्यांनी उडवलेली धूळ खाणं.

"यात गिर्यारोहणाचा काय संबंध?" मी विचारलं. "बर्फात कुऱ्हाड मारत सायकल चालवतात?"

मग त्यानं मनाली-लेह रस्त्याचं सांगितलं. बारालाचा खिंड ४,८०० मीटरच्या वर, टांगलांग ला ५,३०० च्या वर. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपण्याची उंची रात्रीमागे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. माणसाचं डोकं दुखायला लागतं, मळमळतं, तरी तो "काही नाही, रात्री झोप झाली नाही" म्हणतो. त्याला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला लावायचं. तोल गेला तर मेंदूला सूज आली असं समजायचं आणि त्याला तिथूनच खाली न्यायचं. त्यानं पैसे भरलेले असोत, रजा संपत आलेली असो, खिंड समोर दिसत असो. "हे सायकलच्या कोर्समध्ये तीन दिवसांत येत नाही मामा," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण त्याचा हात चौथ्या कागदावर होता.

चौथा कोर्स शनिवार-रविवारचा. जवळच. त्या संस्थेचं नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, अशा गल्लोगल्ली आहेत. दोन दिवस, राहणं-जेवण, टी-शर्ट, फोटो आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्र इतकं सुरेख की आमच्या बँकेच्या शेअर सर्टिफिकेटनं लाजावं.

"यात नापास किती होतात?" मी विचारलं.

"यात कोणी नापास होत नाही मामा."

मी स्वतः बँकेच्या खात्याअंतर्गत परीक्षांना तीनदा बसलेला माणूस. नापास होण्याबद्दल मला आदर आहे. पण त्यावर बोलण्याआधी माझी नजर इंग्रजांच्या कागदावर गेली. तिथे पहिल्याच दिवशीच्या पहिल्याच तासाला लिहिलं होतं: निघण्यापूर्वी प्रत्येकाची सायकल तपासणे. त्याला ते 'एम' तपासणी म्हणतात. मागच्या चाकाच्या आसापासून सीटपर्यंत वर, तिथून पेडलच्या आसाकडे खाली, तिथून हँडलपर्यंत वर, आणि तिथून पुढच्या चाकाच्या आसापर्यंत खाली. बोट फिरवलं की इंग्रजी 'एम' होतो आणि वाटेत सगळे स्क्रू, चेन, टायर आणि ब्रेक लागतात.

ब्रेक म्हटल्यावर मला मघाचा ठसका पुन्हा आला.

ऑगस्ट २००३. मला बँकेत लागून दोन वर्षं झाली होती. शाखेतल्या आठ जणांनी पुण्याहून सायकलनं सिंहगडावर जायचं ही कल्पना माझी. रस्ता मला माहीत होता, म्हणजे मी दोनदा बसनं पायथ्यापर्यंत गेलो होतो. सायकली कुणाच्या भावाच्या, कुणाच्या शेजाऱ्याच्या. खडकवासल्याला चहाला थांबलो. कॅशमधल्या आमच्या मित्राची सायकल मी भिंतीला टेकवून ठेवली आणि ठेवताना माझं लक्ष पुढच्या ब्रेककडे गेलं. रबर झिजून संपत आलेले. एका बाजूला तर रबर जाऊन लोखंडच रिमला लागत होतं. मी वाकून नीट पाहिलं. हे वाक्य मी बावीस-तेवीस वर्षं कुठे बोललेलो नाही, म्हणून पुन्हा लिहितो. मी वाकून नीट पाहिलं. सरळ उभा राहिलो आणि त्याला म्हणालो, "चल लवकर, वर भजी गार होतील."

घाट चढताना निम्मा वेळ आम्ही सायकलींवर होतो आणि निम्मा वेळ सायकली आमच्यावर. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, धुकं. सगळं यथासांग. आणि उतरताना पाऊस. लोखंडी रिम ओलं झालं की चांगला रबरसुद्धा त्याला नीट धरत नाही, इथे तर रबरच नव्हता. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मित्र माझ्या शेजारून "अरे अरे अरे" असं म्हणत पुढे गेला, वळण सोडून डोंगराच्या बाजूच्या चिखलात आणि झुडपांत शिरला आणि दिसेनासा झाला. त्यानंतर त्याच वळणावरून गच्च भरलेली जीप वर आली. माझ्या मते दहा सेकंदांनी. तो म्हणतो पाच. तो झुडपातून बाहेर आला तेव्हा त्याची पँट एका पायाला उरली होती आणि तो हसत होता. मग सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं.

सोमवारी ही गोष्ट शाखाभर झाली. मॅनेजरसाहेबांनी मला 'गाईड' ही पदवी दिली. तेव्हापासून बँकेची कुठलीही सहल निघाली की पुढारी मी. निरोपसमारंभात ही गोष्ट निघते, दिवाळीत घरी निघते. भाचा ती ऐकत लहानाचा मोठा झाला. आता मला अधूनमधून शंका येते की त्याचं हे गाईडचं वेड त्या गोष्टीतूनच आलं असावं. ही शंका मी ताईला सांगितलेली नाही.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हांला तेरीज शिकवली. सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकी मांडायच्या, दोन्हीकडची बेरीज सारखी आली की तेरीज जुळली. पोरं टाळ्या वाजवतात. त्यावर सर सांगायचे, तेरीज जुळली याचा अर्थ हिशेब बरोबर असा नाही. शंभराची चूक इकडे आणि शंभराची चूक तिकडे झाली तर तेरीज जुळते आणि वही खोटी राहते. सिंहगडाची माझी तेरीज अशीच जुळली. आठ गेले, आठ आले. माझी चूक एका बाजूला, झुडूप दुसऱ्या बाजूला.

आमच्या शाखेत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक निवृत्त प्राध्यापक पेन्शन काढायला येतात. तत्त्वज्ञान शिकवायचे. एटीएम वापरत नाहीत, कारण यंत्र वाद घालत नाही. मी त्यांना विचारलं, "सर, माझ्या एका मित्राच्या बाबतीत असं असं झालं. काही वाईट घडलं नाही, पण घडलं असतं. तर तो दोषी की नाही?"

प्राध्यापकांनी स्लिपवर सही करता करता माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या मित्राला सांगा, हा प्रश्न जुना आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी त्याला 'मॉरल लक' असं नाव देऊन चर्चेला घेतला. नैतिक नशीब म्हणा. नेगेलचं उदाहरण लॉरीच्या ड्रायव्हरचं आहे. त्यानं ब्रेक तपासून घ्यायचा आळस केला. मूल आडवं आलं, ब्रेक लागला नाही, मूल गेलं. आता तसाच दुसरा ड्रायव्हर घ्या. तोही आळशी, पण त्याच्या वाटेत मूल आलंच नाही. पहिला जन्मभर जळतो. दुसरा घरी जाऊन जेवतो. दोघांनी केलं ते एकच."

"मग दोघांत फरक काय?"

"एकाला मूल आडवं आलं, एवढाच. एवढा फरक पुरेसा आहे का, हा प्रश्न."

"उत्तर काय निघालं?"

"उत्तर निघालं असतं तर मी पस्तीस वर्षं नोकरी कशी केली असती?" नोटा मोजत ते म्हणाले. दोनदा मोजल्या. मागे लाइन कुरकुरायला लागली.

गंमत पाहा, १९७६ हेच ते साल. इकडे पोरं जळका ब्रेक उघडून ग्रीस भरत होती आणि तिकडे तत्त्वज्ञ ब्रेकविना लॉरी चालवणाऱ्याचा न्याय करायला बसले होते. पोरांना निदान माहीत होतं की दर फेरीनंतर हब उघडून पाहायचा असतो.

मला स्वतःला आमच्या ऑडिटरचं म्हणणं पटतं. चूक सापडली त्या तारखेला धरायची नसते, झाली त्या तारखेला धरायची असते. माझी चूक जीप आली त्या वळणावर झालेली नाही, खडकवासल्याच्या चहाच्या टपरीवर झालेली आहे, आणि तिथे जीपही नव्हती, पाऊसही नव्हता. पण मग दुसरी बाजू डोकं वर काढते. इतकं मोजायला लागलं तर कोणी कोणाला कुठे नेणारच नाही. ताईनं याच भाच्याला शाळेत सोडताना स्कूटरवर पुढे उभा करून नेला आहे, लक्ष्मी रस्त्यानं, एका हातात भाजीची पिशवी धरून. तिला दोषी ठरवायला कोण धजेल? मी तरी नाही, ती माझी मोठी बहीण आहे. फरक मला एवढाच दिसतो की ताईला कोणी गाईड म्हटलं नव्हतं. मला म्हटलं, आणि मी ती पदवी घेतली.

पुढच्या रविवारी भाचा पुन्हा आला. चौथा कागद त्याच्या खिशात घडी घालून तयार होता. "मामा, सुरुवातीला हा करतो. दोन दिवसांचा तर आहे. पुढचं पुढे. लांबच्या रस्त्यानं दोन वर्षं जातील."

मी म्हटलं, जिथे तुला नापास करतील असा कोर्स घे. तो म्हणाला, हे बोलायला सोपं आहे. मग मी त्याला सिंहगडाची गोष्ट सांगितली. तो हसायच्या तयारीत बसला, कारण ही गोष्ट हसायची असते हे त्याला लहानपणापासून माहीत. मी या वेळी खडकवासल्याचा चहा वगळला नाही. तो हसला नाही. हीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भाच्यानं विचारलं, "त्या काकांना सांगितलंस तू हे?"

"नाही."

"मग मला कसला सल्ला देतोस?"

मामाला असं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. पण त्याचं खातं बरोबर होतं, माझंच चुकीचं होतं, आणि चुकीच्या खातेदारानं आवाज चढवायचा नसतो.

तो मित्र आता कोकणातल्या एका शाखेत मॅनेजर आहे. रात्री त्याला फोन लावला. आधी बदल्या, मग गुडघे, मग आंबे. मग मी म्हटलं, "अरे, सिंहगडावर तुझी सायकल गेली ना, त्या दिवशी सकाळी खडकवासल्याला मी तुझे ब्रेक पाहिले होते. रबर गेलेले होते. मी बोललो नाही."

तो पलीकडून हसला. "मला माहीत होतं की. आदल्या रात्री सायकलवाला म्हणालाच होता, रबर बदला. म्हटलं, सकाळी बघू."

"मग तसाच का आलास?"

"अरे, टपरीवर तू वाकून पाहिलंस ना. मी बघत होतो. तू काही बोलला नाहीस. म्हटलं, यानं पाहिलंय म्हणजे चालत असेल. गाईड होतास ना तू."

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "रागावले का?" मी म्हटलं, नाही, हसला. तिनं पुढे विचारलं नाही.

भाच्यानं उत्तरकाशीचा फॉर्म भरला. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो, फोटो लागतात, आणि प्रतीक्षायादीत नाव लागलं तर थांबावं लागतं. दोन वर्षांचा खर्च कसा भागवायचा याचा तक्ता मी त्याला करून दिला, भावोजींनी पेपराच्या आडून तो तपासला आणि एक बेरीज दुरुस्त केली. फॉर्म घेऊन तो निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर जिना उतरून खाली गेलो. सायकल भिंतीला टेकलेली होती. मी वाकलो आणि ब्रेक पाहिले. रबर कुठेच नव्हते. चाकाच्या मधोमध पत्र्याची एक पातळ चकती होती, तिला भोकं होती, आणि वरून एक काळी नळी आत गेली होती.

"डिस्क ब्रेक आहेत मामा," भाचा म्हणाला.

"असतील," मी म्हटलं. "मी पाहिले, पण मला यातलं काही कळत नाही. ठीक आहेत की नाहीत ते मी सांगू शकत नाही. तूच नीट बघून घे."

त्यानं सायकल उलटी केली आणि चाक फिरवून पाहायला बसला.